तिसरं पान नव्हतं

स्नेहल : हे वाक्य माझ्या कागदावर नव्हतंच.

लोकेश : असंल. कागद मी कुठं पाहतो?

स्नेहल : मग तुमी बोललेच कसे? थांबा, परत लावते. ऐका. "मशीनवर अंगठा नाही उठला तर रिकाम्या हातानं घरी जाऊ नका. तिथंच बसा. अंगठा उठला नाही म्हणून धान्य दिलं नाही, असं दुकानदाराकडून लिहून मागा. लिहून देईपर्यंत उठू नका." हा आवाज कोणाचा आहे?

लोकेश : माझा. मस्त लागला नाही का? 'उठू नका' म्हणताना कसा खाली आणला पाहा.

स्नेहल : आवाजाचं कौतुक नंतर करा. मी लिहिलं होतं का रेशनच्या दुकानात नवीन मशीन येऊन राहिली आणि ती बोट कशी वाचते. तेवढंच. त्याच्यापुढं फोनच्या बॅटरीची बातमी. मधात हे कोणी घातलं?

लोकेश : मामाजी बोलले, मी बोललो.

स्नेहल : बाबा बोलले आणि तुमी बोलून टाकलं? डोकं मधात कुठंच आलं नाही?

लोकेश : बाई, अकरा वर्षं मी झाडीपट्टीच्या नाटकात काढली. दिवाळीनंतर मंडईच्या जत्रा लागल्या का रोज नवं गाव, नवं नाटक, पाठ कोण करते? प्रॉम्प्टर कानात बोलला का आपल्या तोंडातून निघालंच पाहिजे. अन् माझा प्रॉम्प्टर कोण? तुझा बाप. एकदा मी राजा होतो. मामाजीनं खालून पेटीवाल्याले हळूच विचारलं, माचिस कुठं ठेवली? मी तलवार उपसली अन् गरजलो, माचिस कुठं ठेवली!

स्नेहल : ही गोष्ट मी शंभर वेळा ऐकली.

लोकेश : शिपाई म्हणते, शोधतो महाराज! टाळ्या पडल्या, टाळ्या.

स्नेहल : ते नाटक होतं. ही बातमी आहे.

लोकेश : मग मामाजीले माइकजवळ धानाच्या पोत्यामागं बसवलं कोणी? तूच. म्हणे, कागद पाहून वाचता तेव्हा शाळेतली हजेरी घेतल्यासारखे वाचता.

स्नेहल : बसवलं, कारण मी लिहिलेलं तुमच्या कानात सांगतील म्हणून. मनचं सांगायला नाही. पॉडकास्टचे सेहेचाळीस भाग केले आपण. कॉम्प्युटर क्लासमधून घरी आली का रोज दोन तास मी बातम्या शोधते. दोन ठिकाणी तपासल्याशिवाय एक ओळ घेत नाही. नवव्या भागात एका अ‍ॅपची तारीख चुकली, तर दहाव्यात मी माफी मागितली. आणि एक आठवडा गोंदियाला ट्रेनिंगला गेली, तुमच्या भरवशावर सोडलं, तर हे!

लोकेश : पण ऐकलं किती जणांनी, ते पण सांग न.

स्नेहल : तीच तर भीती आहे! आपल्याला ऐकतात चारशे माणसं, त्यातले पन्नास तुमच्या नाटकाचे. आणि हा तुकडा कोणीतरी कापून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला. सहा दिवसांत एकोणीस हजार.

लोकेश : एकोणीस हजार! मंडईलेही एवढे नसतात.

स्नेहल : हसू नका हो. एखादी म्हातारी तुमच्या वाक्यावर भरवसा ठेवून दुकानापुढं बसली, आणि असा नियमच नसला तर? दिवसभर उपाशी बसंल. चार माणसांत तिचा अपमान होईल. दुकानदार पुढच्या महिन्यालाही तिला अडवंल. आणि हे सारं आपल्यामुळं. मला काल रात्री झोप नाही लागली. मी भाग काढून टाकते.

लोकेश : निदान मामाजीले विचारून तर घे. बोडीवर गेले आहे, मासे पकडायला गरी घेऊन.

यादोराव : आलो मी. एकही मासा नाही भेटला. काऊन वो स्नेहल, तोंड काऊन असं करून बसली?

स्नेहल : बाबा, मागच्या भागात अंगठ्याचं वाक्य तुमी घातलं?

यादोराव : हो.

स्नेहल : सीधं हो?

यादोराव : मंग कायले लपवू? दोन नंबरच्या पानावर रेशनची मशीन होती. त्याच्यामागं सीधं चार नंबर आलं. तीन नव्हतंच. जावई माइकपुढं तोंड उघडून बसले. पात्राले असं मोकळं ठेवाचं नसते. पान हरपलं तरी त्याले वाक्य पायजे.

स्नेहल : पान हरपणार कसं? मी जायच्या आधी पाच पानं मोजून दिली.

यादोराव : चार देल्ली. मीबी मोजली.

लोकेश : स्नेहल, तुझ्या पाखरांच्या वहीत पाहा बरं.

स्नेहल : तिथं कायले जाईल ते?

लोकेश : त्या दिवशी सकाळी तू बोडीवर बदकं मोजायला गेली होती. निघताना कागद शोधून राहिली होती. पाहा तर.

स्नेहल : नसंल हो. ही पाहा वही. हे नवेगावचं, हे मागच्या रविवारचं, हे... अरे देवा.

लोकेश : का लिहून आहे?

स्नेहल : "चक्रवाक चौदा. थापट्या बदक सहा. हळदी-कुंकू दोन, पूर्वेच्या काठाला."

लोकेश : अन् पलटव बरं.

स्नेहल : पान तीन. बॅटरीची बातमी.

लोकेश : वा! भागाच्या शेवटच्या दहा मिनिटांत पाखरं सांगते, त्याच्यासाठी मॅडमनं मधली बातमीच उडवली. अन् बोलणी कोणाले बसली? जावयाले.

स्नेहल : बरं, पान माझ्यामुळं गेलं. मान्य. पण बाबा, 'आता पुढची बातमी' एवढंही म्हणता आलं असतं. हेच वाक्य कुठून आणलं?

यादोराव : आणलं नाही. तोंडात तयारच होतं.

स्नेहल : कुठं वाचलं?

यादोराव : वाचलं नाही. तुह्या मायचं हाये.

स्नेहल : आईचं?

यादोराव : सतरा वर्सांची होती तवापासून बिड्या वळे ते. रोजच्या हजार. अंगठा घासून घासून गुळगुळीत झाला होता, रेघ म्हणून नव्हती. दुकानात पयल्यांदा मशीन आली, तवा तिचा अंगठाच उठेना. तीन महिने रिकामी थैली घेऊन वापस आली.

स्नेहल : तीन महिने?

यादोराव : मी नाटकासंगं गावोगाव फिरत होतो. घरी आलो का ताटात भात असे. कुठून आला, मी कधी विचारलं नाही. शेजारच्या नंदाबाईच्या घरून तांदूळ आणे, हे मले मागून समजलं. चौथ्या महिन्यात गेली अन् दुकानापुढं बसली. म्हणे, मी मेली नाही, इथंच हावो. मशीनले दिसत नसंन तर तसं लिहून दे. संध्याकाळपर्यंत उठली नाही.

लोकेश : मग लिहून दिलं?

यादोराव : लिहून नाही देल्लं. धान्य देल्लं. लिहाले भेतेत ते.

स्नेहल : मले काऊन नाही सांगितलं कोणी?

यादोराव : तू गोंदियाजवळ फुलचूरले रूम करून शिकून राहिली होती. तुही माय म्हणे, सांगू नका, पोरगी परीक्षा सोडून येईल.

स्नेहल : आली असती. नक्की आली असती. आईला जाऊन तीन वर्षं झाली, आणि मी हे आज ऐकून राहिली. मशीन बोट कशी वाचते, हे मी जगाला समजावून सांगते, आणि माझ्याच आईचं बोट... मला स्वतःचा राग येऊन राहिला, बाबा.

यादोराव : राग नको करू. तिले तुह्या शिक्षणाचा भल्ला अभिमान होता.

स्नेहल : पण तरी बाबा, ती एका दुकानात, एका दिवशी जिंकली. त्याचा नियम होत नाही. ती बसली ते तिच्या हिमतीवर. आपण एकोणीस हजार लोकांना सांगितलं. मी तहसीलमध्ये दोनदा फोन केला, कोणी धड सांगत नाही. खरं का खोटं ते मला माहीत नाही, आणि जे माहीत नाही ते मी ठेवत नाही. काढते मी भाग.

यादोराव : काढ मंग. तुहं काम तुले समजते.

लोकेश : थांब, थांब! फोन वाजून राहिला. आपल्या पॉडकास्टच्या नंबरवर आहे. आधी घे, मग काढ.

(स्नेहल फोन स्पीकरवर टाकते.)

वच्छला : हालो! 'मशीन का म्हणते' हे तुमीच का?

स्नेहल : हो, आमचंच आहे. बोला.

वच्छला : तो अंगठ्यावाला माणूस हाये का तथी?

लोकेश : मीच तो, बाई. बोला.

वच्छला : जयभीम भाऊ! मी वच्छला. बिड्या वळतो आमी, जंगलाकडच्या गावाले. तुमी सांगतलं तसं आमी काल दुकानापुढं बसलो. सतराजणी!

स्नेहल : सतरा? ताई, तुम्हाला कोणी त्रास नाही न दिला?

वच्छला : आधी ऐक तर वो बाई! नऊ वाजता बसलो. दुकानदार म्हणे, उठा, नाही तर पोलीस बोलावतो. म्हणलं, बोलाव, पण आधी लिहून दे. पेनबी मीच नेला होता. तो म्हणे, असं लिहून द्याची पद्धत नाही. तर आमच्या उदारामची म्हातारी म्हणते, मंग पद्धत नाही हेच लिहून दे!

लोकेश : वा रे म्हातारी!

वच्छला : बारा वाजले, तरी आमी उठलो नाही. मंग तालुक्याहून साहेब आले. आमाले वाटलं, आता हे बोलतेत. तर त्यानं झोळ्यातून कागद काढला अन् दुकानदारालेच वाचून दाखवला. अंगठा नाही उठला तर मोबाइलवर नंबर येते, तो घ्या. तेही नाही जमलं तर वहीत नोंद करा अन् धान्य द्या. रिकामं पाठवाचंच नाही म्हणे. हे आधीपासूनच हाये, आमालेच कोणी सांगतलं नव्हतं.

स्नेहल : तो कागद! ताई, त्या कागदाचा फोटो आहे का कोणाकडं?

वच्छला : सकाळीच टाकला तुमच्या नंबरवर. पाह्यलाच नाही का?

स्नेहल : लॅपटॉपवर बघते... आला आहे. सरकारी परिपत्रक आहे. क्रमांक आहे, तारीख आहे, सही, शिक्का. "लाभार्थ्यास धान्याविना परत पाठवू नये." बाबा! बाबा, हे खरं आहे! आईचं खरं होतं!

लोकेश : खरं म्हणजे? शिक्क्यासहित खरं!

स्नेहल : ताई, धान्य भेटलं न सगळ्यांना?

वच्छला : सतराच्या सतराजणींले! मागच्या दोन महिन्यांचंबी देतो म्हणून साहेबानं लिहून देल्लं. आज बाजूच्या गावच्या बायका बसल्या हायेत. आमीच पेन नेऊन देल्ला.

लोकेश : जिंकलो! मामाजी, जिंकलो! पोती उडवू का?

स्नेहल : पोती नका उडवू, धान सांडंल.

वच्छला : अन् भाऊ, एक सांगू का? राग नको धरू.

लोकेश : सांगा न बाई. आजच्या दिवशी राग कायचा?

वच्छला : तुमचा आवाज चांगला हाये, पण तुमी नाटकवाले वाटता. तुमच्या आधी मागं कोणीतरी हळूच बोलते. म्हातारा माणूस हाये. आमी फोन कानाले लावलावून ऐकलं. त्याचं ऐकून बसलो आमी. तो कोण?

लोकेश : घ्या! अकरा वर्षं राजा मी झालो, अन् बायका कोणाचं ऐकतेत!

स्नेहल : कुजबूज कापायची राहिली होती वाटते.

लोकेश : बरं झालं राहिली. मामाजी, बोला न. तुमालेच विचारून राहिली ते.

यादोराव : मी हावो जी, बाई.

वच्छला : तुमीच का? मंग मोठ्यानं काऊन नाही बोलत?

यादोराव : सवय नाही. चाळीस वर्सं खाली बसून बोललो.

वच्छला : आता वर बसा. ठेवतो जी मी, आज तांदूळ निवडाचे हायेत. दोन थैल्या हायेत! जयभीम.

यादोराव : जयभीम.

स्नेहल : लोकेश, माइक खाली घ्या जरा. बाबांची उंची कमी आहे.

यादोराव : का करून राहिली वो?

स्नेहल : सत्तेचाळिसावा भाग. आताच. भाग काढायचा नाही, पुढं न्यायचा. परिपत्रक मी वाचते, क्रमांकासहित. त्याच्याआधी तुमी सांगायचं.

यादोराव : माहं नाव घेऊन?

स्नेहल : तुमचं नाव घेऊन. तुमच्याच आवाजात. आणि ही बातमी मी दोन ठिकाणी तपासली आहे, बाबा. एक आई, एक वच्छलाबाई. कागद तर वरून आहेच.

लोकेश : बसा मामाजी, ही खुर्ची घ्या. मी जातो पोत्यामागं. तुमी अडले तर मी सांगतो कानात.

यादोराव : नको. तुमी समोरच बसा. हे मले पाठ हाये.

लोकेश : मग माइक जरा जवळ ओढा.

यादोराव : ओढला. आवाज येते न बराबर?

स्नेहल : हो बाबा. चांगला येऊन राहिला. दीडची रेल्वेगाडी गेली, आता पाऊण तास शांत आहे. घाई करू नका. आधी नाव सांगा, मग जे सांगायचं ते. मी बटण दाबलं. बोला.

यादोराव : नमस्कार जी. मी यादोराव. मागच्या वेळची बातमी माही नव्हती. माह्या बायकोची होती. तिचं नाव पार्वताबाई.