मामांच्या घराची साधी तपासणी

बायको : नऊ वाजता इंजिनीअरचा फोन आला. मागची खोली त्यानं पाहिलेलीच नाही.

नवरा : असं कसं? आत तर गेला होता.

बायको : दारातून डोकावला आणि परत फिरला. भिंतीला कपाट, खाली गालिचा. साध्या तपासणीत सामान हलवत नाहीत म्हणाला. मी म्हटलं, साधी कुठली? आम्ही पूर्ण सांगितली होती. फरशी ठोकून, छतावर चढून, भिंतीतली ओल मोजून. तर म्हणतो, साहेबांनी आदल्या दिवशी फोन करून बदलली.

नवरा : अगं, बँकेचा माणूसही बघून गेलाय.

बायको : तो बँकेसाठी येतो. उद्या घर विकायची वेळ आली तर कर्ज वसूल होईल का, एवढंच बघतो. त्या घरात झोपणार आपण. का बदललीस?

नवरा : मामांच्या घरात परका माणूस घालून भिंती ठोकायच्या? कसं दिसतं ते? लहानाचा मोठा झालो मी तिथे.

बायको : मग मला सांगायचंस. अकरा वाजता खरेदीखतावर माझीही सही लागणार आहे.

नवरा : सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?

बायको : नाही.

नवरा : मग?

बायको : वा! मी ऐकणार नाही हे माहीत होतं, म्हणून सांगितलं नाही. शहाणाच आहेस. आणि ते कपाट मागे कधी गेलं? लग्न झाल्यापासून मी ते बाहेरच्या खोलीत बघतेय. हलवायला चार माणसं लागतात. घर सोडून निघालेला माणूस जाता जाता कपाट हलवतो?

नवरा : हळू बोल. जिन्यात पावलं वाजतायत.

मामा : झाली का रे तयारी? सूनबाई, आज तरी हसा. मालकीणबाई होणार तुम्ही!

बायको : मामा, बसा. कपाट मागच्या खोलीत का नेलंत?

मामा : कपाट? बाहेर ऊन येतं. पॉलिश उडतं.

बायको : इतकी वर्षं नाही उडालं?

मामा : आता वय झालं त्याचं. माझ्यासारखंच.

बायको : त्याच्यामागे काय आहे?

मामा : भिंत. कपाटामागे काय असणार, समुद्र?

नवरा : अगं, पुरे.

बायको : तडा गेलाय का भिंतीला?

मामा : जुनं घर आहे. रेघा पडायच्याच. माझ्या कपाळावर नाहीत?

बायको : त्या खोलीत माझे बाबा राहणार आहेत. कूस बदलायची तरी त्यांना मला हाक मारावी लागते. भिंत आली अंगावर तर उठून पळणार नाहीत ते. केवढी आहे रेघ?

मामा : हात काही जात नाही आत.

बायको : आणि बोट?

मामा : अरे, तू तरी सांग हिला.

नवरा : मामा, बोट जातं?

मामा : बुजवली होती एकदा. परत आली. त्यात एवढं काय?

बायको : आमच्याआधी त्या डॉक्टरीणबाई घेणार होत्या. ठरल्यात जमा होतं. त्या का गेल्या?

मामा : संशयी बाई. तिला सगळं उकरून बघायचं होतं. म्हटलं, त्यापेक्षा घरच्या माणसाला देऊ.

बायको : घरचा माणूस उकरत नाही ना.

मामा : सूनबाई, जिभेला हाड असू द्या जरा. अरे, तुझी आई तुला माझ्या दारात सोडून गेली, तेव्हा मी तपासून घेतलं नव्हतं तुला.

नवरा : नाही, मामा.

मामा : सारखा खोकत होतास. हे पोर टिकेल का, असं मामीनं एका शब्दानं विचारलं नाही.

बायको : म्हणून आता आम्हीही विचारायचं नाही.

मामा : विचारा की. पण त्या घरात पुन्हा परका माणूस शिरू देणार नाही मी. अकरा वाजता नोंदणी कचेरीत जाऊन बसतो. यायचं तर या.

नवरा : थांबा मामा, मी आलोच.

बायको : कुठे निघालास?

नवरा : रागात निघालेत ते. अशात गाडी चालवू देऊ? नुसता सोडायला जातो.

बायको : आणि सही?

नवरा : तुझ्या सहीशिवाय व्यवहार होतच नाही.

बायको : माझ्या सहीचं नाही विचारलं.

नवरा : मामा खाली पोचलेसुद्धा. येतो मी.

(साडेअकरा. फोनवर.)

नवरा : कुठे आहेस? आमचा नंबर आलाय.

बायको : घरीच. बाबांना भरवतेय. पूर्ण तपासणीचं काय म्हणाले मामा?

नवरा : नाहीच म्हणाले. कारकून म्हणाला, तुमच्यापुरती सही करून ठेवा, बाईंची आल्यावर घेऊ.

बायको : केलीस?

नवरा : मामा शेजारीच बसलेत. पेन त्यांनीच दिलं.