विटांवरची मोटार

न्हाई न्हाई, कारभारीभाऊ, पाण्याचं मला सांगू नका. बाहेर पायरीपाशी रांजण हाये, तांब्या हाये, तुमच्या हातानं घ्या आन् तिथंच प्या. शहागडहून एवढ्या उन्हाचं आलात आन् शेठाणीनं साधं पाणी दिलं न्हाई म्हणताल — म्हणा. ह्या टायमाला मी पाण्याला बोट लावत न्हाई. सांगते का ते, बसा आधी. दारात नको, दार मोकळं राहू द्या. हां, तिकडं, गादीवर. बघितली ना मोटार? मंग सांगा, जालन्याच्या आख्ख्या मस्तगडात अशी दुसरी हाये का?

आमचे हे म्हणले, माणूस चांगला हाये, शहागडच्या रस्त्याला भाड्यानं चालवंल, देऊन टाकू. पैशाचं त्यांच्याशी बोला, ते दुकानात बसलेत. मोटार कशी ठेवली ते मला विचारा. इतकी वर्षं उभी हाये, टायर चपटं झालं एक तरी? का न्हाई झालं? विटांवर हाये म्हणून. चारी चाकं अधांतरी. आमच्या पोरानं, लालचंदनं सांगितल्तं — मला बाई म्हणायचा तो, आई न्हाई — बाई, मोटार नुसती उभी राहिली तर आपल्याच वजनानं मरती. पेट्रोल सगळं काढून घे, टाकीत राहिलं की त्याचा डिंक होतो. काढताना जवळ चिमणी नेऊ नको, दिवसाउजेडी काढ. बॅटरी फळीवर ठेव. धुराच्या नळीत फडक्याचा बोळा कोंब, न्हाईतर उंदीर शिरतेत. आन् आठ-आठ दिवसाला हँडल मारून इंजन नुसतं फिरवत जा, जाम व्हायला नको. सगळं बराबर केलं. पदर खोचून हँडल मी मारायची, शेजारपाजारच्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या — हसा म्हणलं. एकदा मागच्या सीटखाली उंदरीण व्याली. आता तिला हाकलावं कसं, आम्ही जैन माणसं. पिल्लं आपल्या पायानं जाईस्तवर मी मोटारीजवळ फिरकले न्हाई. तेवढाच काय तो खंड पडला.

आता तुम्हीच सांगा भाऊ, ज्याला परत यायचं न्हाई तो मोटार कशी ठेवायची ते सांगून जाईल का? चौमासाभर महाराजांजवळ राहतो म्हणून गेल्ता. चार महिने, बस. मंग निरोप आला, दीक्षा घेतो. आमच्यात आईबापानं आज्ञा दिल्याबिगर साधू होता येत न्हाई. सगळा समाज बसलेला, बाया म्हणून राहिल्या, धन्य तुझी कूस, लाडबाई! ह्यांनी हो म्हणलं. मीबी हो म्हणलं. मनात काय होतं सांगू? म्हणलं, मोटार विटांवर हाये, येईल तो. मंग त्याच्या डोक्याचे केस उपटले, अंगावर पांढरं वस्त्र, तोंडाला पट्टी, पाय अनवाणी. आमचे साधू गाडीत बसत न्हाईत, भाऊ. मरेस्तवर पायी. हे काय मला ठाऊक न्हवतं? पाळण्यात होते तवापासून ठाऊक. तरी आठ दिवस झाले की हँडल मारलंच मी.

ह्या वर्षी त्यांचा चौमासा इथंच, जालन्यात. रोज गोचरीला निघायचे — म्हंजे घरोघर थोडं थोडं अन्न घ्यायचं, आपल्या लाकडी पातऱ्यात. सांगून येत न्हाईत, बोलावून येत न्हाईत. दुसरे महाराज आले आमच्याकडं, तो न्हाई आला. मायेचं घर, गुरू दुसऱ्या गल्लीला धाडत असतील. आन् परवाच्या दिवशी शेजारची पानबाई पळत आली — लाडबाई, आज लालचंदमहाराज आपल्याकडं वळले! मला काय सुचावं? मी मोटारीवरची गोणपाटं ओढून काढली. म्हणलं, बघू दे त्याला, बाईनं कशी ठेवली. विहिरीची बादली घेतली आन् धुवायला लागले — काचा, टप, चाकं. मागून आवाज आला, दया पालो — आमचे साधू दारात आले की असंच म्हणतेत. तोच आवाज, भाऊ, बिलकुल तोच. धावत आत गेले, फुलके आणले, तूप लावलेले, पुढं केले. त्यानं माझ्या हाताकडं बघितलं. ओले होते. कोपरापर्यंत ओले. कच्च्या, न उकळलेल्या पाण्यातबी जीव असतात आमच्यात, ओल्या हातानं दिलेलं साधूला घेता येत न्हाई. पातरं मागं घेतलं त्यानं. मी पदराला हात पुसून राहिले — पुसून चालत न्हाई, ठाऊक हाये मला, तरी पुसून राहिले. मोटारीकडं बघितलं का म्हणता? न्हाई. खाली मान घालून गेला, मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून. पोटचं पोर भुकेलं गेलं हो माझ्या दारातून! कशापायी? त्या मोटारीपायी.

चौमासा संपला, उद्या सकाळी ते गाव सोडतेत. मंग कुठं जालना आन् कुठं ते. आज शेवटची गोचरी. म्हणून सैपाक झाल्यापासून हात कोरडे ठेवलेत. फुलके झाकलेत, चूल विझवली, मंग तिच्याजवळबी गेले न्हाई — विस्तवाला शिवलेल्या हाताचंबी चालत न्हाई. तहान लागली की, न लागायला काय झालं? लागू दे. मोटार तुम्ही न्या, मी आडवी येत न्हाई. फकत ते येऊन जाऊ द्या —

गप बसा. ऐकलं? पानबाईच्या दारात. तोच हाये. सरका भाऊ, त्या भिंतीला सरका, उजेड अडवू नका. पानबाई वाढून राहिली... तिच्या पुढचं घर आमचंच. फुलके कुठं — हे काय, हातातच हायेत. कोरडे हायेत ना हात? बघा की तुम्ही, कोरडे हायेत ना?

मागं वळले.

न्हाई, आमच्यावर राग न्हाई हो. पातऱ्यात पुरेसं पडलं असंल. पोटापुरतं झालं की पुढचं दार घेत न्हाईत, नियमच हाये तसा. जेवला म्हंजे झालं. पानबाईच्या हाताला चव हाये.

हँडल ज्वारीच्या कणगीत हाये, भाऊ, पार तळाला, मीच लपवलं. तुम्हीच काढा. मोटार चालू करायच्या आधी नळीतला बोळा काढा, विसरताल. विटा राहू द्या तिथंच.

आन् त्या रांजणातला तांब्या भरून आणा. न्हाई, पेला नको. हातावर ओता. ओता की, आता काय — दोन्ही हातांवर ओता.

बस. जा आता तुम्ही.