न बघितलेल्या गावाची माहिती

मी मूळची कोल्हापूरची, पेठेतली. आता तुम्ही पुण्याच्या, ताई, तुम्हाला पेठ म्हणलं की दुसरंच काहीतरी आठवणार, पण आमच्याकडं पेठ म्हणजे तालीम आणि तालीम म्हणजे फुटबॉल. माझा थोरला भाऊ तालमीच्या संघात गोलकीपर होता. तो हरून आला की आमच्या दारावरनं जाताना माणसं मुद्दाम वर बघून बोलायची, आईला ऐकू जाईल असं बोलायची, आणि जिंकून आला की तीच माणसं त्याला खांद्यावर घेऊन आत यायची आणि वहिनी चहा टाका म्हणायची. आईपण टाकायची. त्यामुळं खेळ बघणारी माणसं कशी असतात हे मला कोणी शिकवायला नको होतं, असं मला वाटत होतं बघा.

लग्न होऊन पुण्याला आले आणि पुण्याहून हितं सिंगापूरला. आमचे हे, सुधीर, वन-नॉर्थला एका सॉफ्टवेअरच्या कंपनीत आहेत. मी जुरोंग ईस्टला एका माल पाठवणाऱ्या कंपनीत अकाउंट्स बघते. राहतो बेडोकला. म्हणजे बेटाच्या ह्या टोकाहून त्या टोकाला रोज एमआरटीनं, म्हणजे हितल्या मेट्रोनं, जायचं आणि यायचं, लई वेळ जातो, पण बसायला मिळतं. निहार बालवाडीत असताना आम्ही तिघांनी पीआर घेतलं, म्हणजे हितं कायम राहायचा परवाना. मुलगा अठराचा झाला की दोन वर्षं एनएस करावं लागतं, सैन्यातली सक्तीची नोकरी, हे ठाऊक होतंच की. सगळ्यांना ठाऊक असतं. पण मुलगा बालवाडीत असतो तेव्हा अठरा म्हणजे काय ते डोळ्यापुढं येत नाही.

निहार शाळेत रग्बी खेळायचा. मला आधी वाटायचं हाडं मोडून घेईल, पण ह्याचं काम लांबनं बॉल मारायचं, धक्काबुक्की कमी, म्हणून मी गप्प बसले. तर शनिवारी मैदानावर तिकडची अमेरिकन पोरं त्यांचा तो फुटबॉल खेळायची, त्यांच्या सरांनी ह्याची लाथ बघितली. म्हणाले, तू पंटर हो. आता पंटर म्हणजे काय तर, काय सांगू तुम्हाला, त्यांच्या खेळाला नाव फुटबॉल आणि सगळं हातानं चाललेलं असतं. तीन वेळा जोर लावून पुढं सरकता आलं नाही की चौथ्या वेळी एक पोरगा आत येतो, बॉल लांब आणि उंच मारतो, समोरच्यांच्या ताब्यात देऊन टाकतो आणि बाहेर जाऊन बसतो. तो पंटर. म्हणजे आपल्या संघाचं काही जमलं नाही की ह्याला बोलावणार. मी ह्यांना म्हणलं, हे कसलं काम, तर हे म्हणाले, तुला कळत नाही, सगळ्यात अवघड जागा ती आहे. ह्यांना तो खेळ कळायला लागून तेव्हा पंधरवडाही झाला नव्हता.

सरांनी व्हिडिओ पाठवले आणि अमेरिकेतल्या दक्षिणेकडच्या एका कॉलेजातनं फोन आला. कॉलेजचं आणि गावाचं नाव मी सांगत नाही, तुम्हीपण लिहू नका. मुख्य कोच स्वतः बोलायचे, दर आठवड्याला, आणि मुलाशी थोडं आणि माझ्याशीच जास्त. ही त्यांची रीतच असते म्हणे, आईला आधी जिंकायचं. येस मॅम, नो मॅम. निहारला काय आवडतं, तो देवाला नमस्कार करतो का, तुम्ही त्याला भेटायला कधी याल. आमच्याकडं सोयरीक जमवताना मुलाकडची मोठी माणसं अशी बोलतात. मला बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू. शिक्षण, राहणं, खाणं सगळं कॉलेजकडं. आम्ही एनएसचं सांगितलं तेव्हा म्हणलं आता फोन बंद होणार, तर कोच म्हणाले मॅम, आमच्याकडची काही पोरं धर्माच्या कामाला दोन-दोन वर्षं जातात, आम्ही त्यांची जागा ठेवतो, ह्याचीही ठेवू, यू हॅव माय वर्ड. शब्द दिला. आम्ही तो कॉलेजचा शब्द समजलो. तो कोचांचा होता.

काहीजण सांगत होते, पाठवून द्या पोराला, एनएस राहू दे. मग तो हितं परत येऊ शकला नसता, आल्यावर पकडलं असतं. निहारच नको म्हणाला. आई, माय फ्रेंड्स ऑल गोइंग लाह, आय ऑल्सो गो. संपला विषय.

तर त्या कॉलेजच्या चाहत्यांचा एक फोरम आहे, इंटरनेटवर. पुढच्या वर्षी कुठली पोरं येणार, कुणाचे पाय किती लांब, कुणाची आई काय म्हणते, दिवसभर तेच. निहारचं नाव आलं आणि कोणीतरी लिहिलं, सिंगापूरचं पोरगं आपल्या गावात काय करणार, कंटाळून मरेल. झालं. खेळ राहिला बाजूला आणि गावावर चर्चा सुरू. एक म्हणतोय उकाडा सोसवणार नाही, दुसरा म्हणतोय अरे तो विषुववृत्तावर राहतो. एक म्हणतोय डास, एक म्हणतोय नदीकाठी घर घेऊ नका, पूर येतो, टेकडीकडं बघा. ट्रेन नाही, गाडीशिवाय भाजी आणता येत नाही. भाजी मिळते ती शनिवारी चर्चच्या मागं बाजार भरतो तिथं, भेंडी चांगली कोवळी असते. भेंडी! मी बूना विस्टा स्टेशनाच्या आसपास होते तेव्हा, ट्रेनमध्ये, आणि मला एकदम जवळचं वाटलं ते गाव.

मग मीपण लिहायला लागले. निहारची आई म्हणून. नारळ मिळतो का, देऊळ आहे का, शेजारी कसे आहेत. लोक इतकं प्रेमानं सांगायचे. एक म्हातारे होते, शाळेची बस चालवून निवृत्त झालेले, घराच्या ओटीवर बसून लिहायचे, मी त्यांना मनात ओटीवाले काका म्हणायचे. त्यांनी मला गल्ली-गल्लीची माहिती दिली. कुठल्या रस्त्याला सावली आहे, कुठल्या दुकानात डाळी मिळतात, पहिल्या आठवड्यात शेजारच्या बायका भांडं भरून जेवण आणतील, घाबरू नका, ती पद्धत आहे. आमचं ठरलंच होतं की निहार गेला की वर्षाभरात ह्यांनी तिकडं काम बघायचं आणि बेडोकचा फ्लॅट भाड्यानं द्यायचा. मी मनातल्या मनात टेकडीकडचं घर लावूनसुद्धा टाकलं होतं, देव पूर्वेला, गॅस खिडकीजवळ.

निहार सैन्यात गेला. आधी टेकाँग बेटावर, मग दुसऱ्या कॅम्पात. शुक्रवारी संध्याकाळी घरी यायचा, रविवारी परत. डोक्याचा गोटा. फोरमवर सगळ्यांनी लिहिलं, गॉड ब्लेस यू सोल्जर, दोन वर्षांनी भेटू.

मग त्यांचा सीझन सुरू झाला आणि संघ हरायला लागला. त्यांची मॅच शनिवारी संध्याकाळी, म्हणजे आपली रविवार सकाळ. निहार आतल्या खोलीत मेल्यासारखा झोपलेला असायचा आणि हे पोह्यांची ताटली घेऊन टीव्हीसमोर. आता आपल्या माणसांचं तुम्हाला ठाऊकच आहे. क्रिकेट बघताना निवड समिती घरातच बसलेली असते, ह्याला काढा, त्याला वर पाठवा, ह्या कॅप्टनला काही अक्कल आहे का. हे तसेच बोलायला लागले. ते कोच चौथ्या वेळी बॉल लांब मारायचे नाहीत, धोका पत्करून पुढं घुसायला बघायचे, आणि फसायचे. ह्यांचा जीव खालीवर. पंटरची किंमत नाही ह्या माणसाला, म्हणायचे. फोरमवरची माणसं तर कोचांच्या आईबापापर्यंत गेली होती.

एका रविवारी फार वाईट हरले. ह्यांनी लॅपटॉप घेतला आणि दुपारपर्यंत बसून लिहिलं. आकृत्या काढल्या, कुठल्या वेळी बॉल मारायला पाहिजे होता, का मारला नाही, त्यानं काय झालं, ऑफिसात प्रेझेंटेशन करतात तसं अगदी. आणि शेवटी, हा कोच गेलाच पाहिजे. मी वाचलं, मला वाटलं चांगलं लिहिलंय. तर काय सांगू तुम्हाला, ताई, ते फोरमच्या सगळ्यात वर लावून ठेवलं त्यांनी. शेकड्यांनी लोक वाहवा करायला लागले. ओटीवाले काका म्हणाले, ह्या सिंगापूरच्या माणसाला आमच्यापेक्षा जास्त कळतं. मला ह्यांचा इतका आनंदी चेहरा आठवत नाही. ऑफिसात कोणी विचारत नाही हो, नवीन पोरं आलीत, मीटिंगमध्ये ह्यांचं वाक्य पुरं होऊ देत नाहीत. आणि हितं अख्खं गाव ऐकतंय.

कोचांना काढलं. आमच्या ह्यांच्या लिहिण्यानं काढलं असं मी म्हणत नाही, काढणारच होते, तिथं मोठमोठी माणसं असतात ठरवायला. पण बातमी आली त्या संध्याकाळी ह्यांनी येताना लिटल इंडियातनं जिलबी आणली. आम्ही दोघांनी बसून खाल्ली.

नवीन कोच आले. त्यांनी स्वतःचा पंटर आणला, येताना बरोबरच. आम्हाला मेल आला, छोटासा, आधीच्या कोचांनी दिलेले शब्द आमच्यावर बंधनकारक नाहीत, निहारला शुभेच्छा. हे जुन्या कोचांना फोन करतो म्हणाले, हातात फोन घेतला आणि तसेच बसले. काय म्हणून करणार? मी कुकर लावला. मला वाटलं रडू येईल मागाहून, ते काही आलं नाही. अजूनही आलेलं नाही. नुसतं बधिर झाल्यासारखं होतं, दाढ काढल्यावर गालाचं होतं तसं, आपलाच गाल आणि आपल्याला कळंना.

मग एकच राहिलं, निहारला सांगायचं. मेल आला तो बुधवार होता. शुक्रवारी तो घरी येणार होता. मी वाक्यं जुळवत होते ट्रेनमध्ये, येताना आणि जाताना. निहार आला, बूट काढले, आंघोळ केली, आमटी-भात खाल्ला, परत ताक मागितलं. मी म्हणलं, निहार, कॉलेजचं. तर म्हणाला, आय नो, आई. फोरमवरच वाचलं होतं त्यानं, कॅम्पात, मंगळवारीच, आमच्या आधी. ह्यांचं लिहिलेलंही तेव्हाच वाचलं होतं, लिहिलं त्याच दिवशी, त्याच्या बरोबरच्या पोरांनी वाचलं होतं, चिडवलं होतं त्याला. इतके आठवडे तो घरी येत होता, जेवत होता, आणि बोलला नव्हता.

हे मान खाली घालून बसले होते. निहारनं ताटातला भात गोळा केला आणि म्हणाला, बाबा, युअर पोस्ट करेक्ट लाह. ही रिअली डोन्ट नो व्हेन टू किक.

आणि उठून ताट घासायला गेला. हे बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन उभे राहिले. मी बघितलं नाही त्यांच्याकडं, त्यांना नको असतं तेव्हा बघितलेलं.

आता निहारचं थोडंच राहिलं आहे एनएस. पुढं काय, विचारलं की म्हणतो सी हाउ, म्हणजे बघू. पाय चालतोय का अजून, मला ठाऊक नाही, त्यानं बॉल मारलेला मी बघितला नाही त्यानंतर. हे तो फोरम उघडत नाहीत. क्रिकेटसुद्धा बघत नाहीत, लावलं तरी आवाज बंद करून.

मी उघडते. सवय. नाव बदललं मी, कोणाला ठाऊक नाही निहारची आई ती मीच. नवीन पंटर एकाच सीझनपुरता होता, त्याचं शिक्षण संपलं, आता दुसरा येणार आहे, ऑस्ट्रेलियातल्या कुठल्याशा खेड्यातला. त्याच्या आईनं विचारलं होतं, आम्ही त्याच्या पाठोपाठ राहायला यावं म्हणतोय, गाव कसं आहे, कुठं राहावं? त्या दिवशी संघ हरला होता, सगळे नव्या कोचाला शिव्या घालत होते, तिच्याकडं कोणी बघितलं नाही. दोन दिवस तसाच पडून होता तिचा प्रश्न.

मग मी बसले लिहायला. ट्रेनमध्येच. म्हणलं बाई, नदीकाठी घर घेऊ नका, स्वस्त मिळेल पण पूर येतो, टेकडीकडं बघा. गाडी आधी घ्या. शनिवारी चर्चच्या मागं बाजार असतो, सकाळी लवकर जा, कोवळी भेंडी संपते. डाळी अमक्या दुकानात. पहिल्या आठवड्यात शेजारणी जेवण आणून देतील, त्यांचं भांडं परत करताना रिकामं देऊ नका, काहीतरी घालून द्या. हे शेवटचं माझं, तिथं तशी पद्धत आहे का ते मला ठाऊक नाही. आणि लिहिलं, माणसं प्रेमळ आहेत, पण संघ हरला की फोरम वाचू नका.

तिचं लगेच उत्तर आलं. खूप आभार मानले तिनं, म्हणाली, आता भीती गेली माझी. आणि विचारलं, तुम्ही त्या गावात किती वर्षं राहताय?

त्याला मी अजून काही लिहिलेलं नाही. बघू. पोरगं सुखी राहू दे तिचं, आणि तीपण राहू दे त्याच्याजवळ.