सगळ्यांनी घेऊ म्हटलेले फ्लॅट

सर्व्हे करणं सोपं काम आहे असं म्हणता, मग माझा किस्सा ऐका. धुळ्याबाहेर नवे कारखाने येताहेत. तिथे फ्लॅट बांधले तर जवळच्या गावातले लोक घेतील का, एवढंच बिल्डरने मला विचारून यायला सांगितलं. भर उन्हात घरोघर फिरलो. प्रत्येक घरी आधी चहा, मग एकच उत्तर, "लेसूत ना भाऊ." म्हणजे घेऊ. मी तसाच अहवाल दिला. बुकिंगच्या दिवशी मंडपात मी आणि खुर्च्या.

दुसऱ्या दिवशी पहिल्या घरच्या अक्कांकडे गेलो. म्हटलं, "अक्का, घ्यायचा नव्हता तर तसं सांगायचं ना."

"चौथ्या मजल्यावर म्हैस कुठे बांधू?" अक्का म्हणाल्या. "पण तुम्ही उन्हातून आलेले. दारात आलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं?" मग चहाचा कप पुढे करत त्यांनी हळूच विचारलं, "साहेब रागावला का?"

"कामावरून काढेल बहुतेक."

"मग इथंच राहायला या. मागची खोली रिकामीच आहे, घ्या भाड्याने."

मी चहाचा घोट घेतला आणि म्हणालो, "लेसूत ना, अक्का."