साखर माझी, चौकशी घरभर

नाही, तुम्ही हसा, पण तुम्हाला सांगते, चोरालासुद्धा कुणी इतकं खोदून विचारत नसेल... डॉक्टरीणबाई विचारणार, 'काय खाल्लंत?', नवरा विचारणार, 'काय खाल्लंस?', अहो, सातवा महिना, रक्तात साखर, भात बंद, बटाटा बंद, केळं बंद, जेवून उठलं की पोट सांभाळत गच्चीवर फेऱ्या, आणि वर येता-जाता बोटाला सुई... खाणार काय मी? बोलणी!

एवढं करून आकडा खाली येईल? नाव नको. डॉक्टरीणबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "लपूनछपून खात असाल तर सांगा. आठवड्यात साखर उतरली नाही तर इन्सुलिन सुरू करू. बाळ फार मोठं झालं तर त्यालाच त्रास." सुईची भीती नव्हती हो, बोटांची चाळण झालीच होती... पण बाळ आतून लाथ मारायचं आणि वाटायचं, माझ्यामुळे याला काही झालं तर? रडूच यायचं. नवऱ्याला सांगितलं, तर त्यानं बिस्किटांचा डबा कपाटात ठेवून कुलूप घातलं. झाला त्याचा हातभार!

सासूबाई तेवढ्या मायाळू. रोज झोपताना पेलाभर दूध हातात. गोड लागायचं. विचारलं, तर म्हणाल्या, 'मायेनं दिलेलं गोडच लागतं.' डोळे भरून आले माझे, पेला तळापर्यंत रिकामा केला.

पुढच्या तपासणीला त्याही आल्या. पुन्हा तेच, 'काय खाल्लंत?' मी म्हणणार होते, बोलणी... तेवढ्यात सासूबाई पुढे सरसावल्या.

"साखरेचा कण देत नाही मी तिला. दुधातसुद्धा मध घालते. चांगला दोन चमचे."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

"मध औषधी असतो ना?" सासूबाई हळूच म्हणाल्या.

मध बंद, आकडा खाली, इन्सुलिन टळलं. बाळ वेळेवर आलं, बेताच्या वजनाचं. त्याच्याही टाचेला सुई टोचली, साखर ठीक निघाली, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमचीही उतरलीय, दीड महिन्यानं पुन्हा तपासा, पण आज घोटभर गोड दूध प्या खुशाल.

सासूबाईंनी पेला दिला. मी घोट घेतला... फिकं!

"आई, आज चालतंय म्हणाल्यात."

"नाही हं. आता मला सगळं कळतं."

लग्नाला सहा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत या बाईंनी पहिल्यांदा डॉक्टरांचं ऐकलं... तेही मागच्या खेपेचं. प्यायले मुकाट.