गळती चांगली असती

…दिवाळीला न्हाय येणार गायत्री, बेंगळुरूला लई काम असतं तिला — बसा की माणिकप्पा, चहा आत ठेवलाय. तुमच्या बसवेशसाठी स्थळ बघायला आलाव, तर पोरगी काय शिकती ते विचारणारच. म्या सांगतो, समदं पाठ हाय मला. शिशाचे बारीक दाणे काचेवर पसरून पट्टी करायची, आन् इतकं थंड करायचं की बर्फ बी ऊन वाटावा. मग एकेका दाण्यात वीज बिनअडथळ्याची फिरती. पण दाण्यादाण्याचा ताल जुळत न्हाय — जो तो आपली वीज मुठीत धरून बसतो, ताल नुसता भिरभिरतो, आन् पट्टी पार ठप्प. दाणे एक नंबर, पट्टी बेकार. आपल्या घरावाणी, अप्पा, म्हणाली. म्या ध्यानातच घेतलं न्हाय तवा.

मग म्हणाली, दाण्यांखाली धातूचा पातळ थर द्यायचा, त्यात जराशी गळती होऊ द्यायची — की भिरभिर बसती, ताल जुळतो, सगळ्या पट्टीतून वीज सरळ पळती. गळतीनं जुळतं म्हणं. आता आमचा धंदा तेलाचा, तीस वर्सं करडईचं तेल विकतोय ह्या मुरूम गावात — गळका डबा दिसला की हमालाच्या थोबाडीत बसलीच समजा. आन् माझ्याच दुकानात, गिऱ्हाईक उभं असताना, माझीच पोर म्हणती गळती चांगली असती. म्या हसलो. खरंच, आधी हसलोच. तवा ती हळूच म्हणाली, अप्पा, अव्वाच्या पाठीवरचे वळ म्या आज डॉक्टरीणबाईला दावले.

वळ कसले? भांड्याला भांडं लागतंच की — तुमच्यात न्हाय लागत? व्हय, मारलं. हातात डबा उचकटायची सळई व्हती, ठरवून काय घेतली नव्हती. पहिला फटका गायत्रीच्या मनगटावर बसला, हाड मोडलेलं मला ऐकू आलं, खोटं कशाला बोलू — दुसरा तिच्या आईनं, शिवकांतानं डोस्क्यावर घेतला, मधी पडली ना ती. रगत तेलात मिसळून पायरीपतुर गेलं. म्या स्वता फडकं घेऊन पुसलं, तुमाला काय वाटतं, मला काळीज न्हाय? आठ महिने झाले, पोरगी फोन उचलत न्हाय. लगीन ठरलं तर येईल, म्हणून तर तुमाला बोलावलं. तिच्याबिगर घर खायला उठतं, माणिकप्पा. रडू येतं मला. पण हात उठतो, त्याला म्या काय करू? कालच उठला. आमटीत मीठ कमी व्हतं, एवढंच.

का उठलाव? चहा तरी घ्या — शिवकांता, चहा आण, पाहुणे निघाले. …चहा कुठंय? ही पिशवी कसली? चपला का घातल्या तू? माणिकप्पा, गाडीचं दार कुणासाठी उघडलंय? ती बायको हाय माझी — तिला काय विचारता, मला विचारा. शिवकांता, उतर खाली. बाजार बघतोय समदा. उतर म्हणतो. …शिवकांता.

…काय बघता रे? दुकान बंद हाय. जावा.