माझ्या बॅनरचा गाऊन

कचऱ्यातून फॅशन वगैरे माझ्यासमोर बोलू नका हां. आधी चहा घ्या आणि ऐका.

बाळकुमला माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे ना, त्याचा नवाकोरा बॅनर मी समोरच्या कॉम्प्लेक्सच्या कुंपणाला लावलेला. सेक्रेटरींना विचारून. आठवड्याच्या आत गायब! सेक्रेटरी म्हणाले, "ताई, वाऱ्याने उडाला असेल."

मग त्यांच्याकडे फॅशन शो झाला. कपडे कचऱ्यापासून बनवलेले, आणि आजूबाजूच्या दुकानदारांना प्रोत्साहन म्हणून बक्षीस द्यायला मी. पहिल्या रांगेत बसले, तर स्टेजवर सेक्रेटरींची बायको आली. अंगात माझा बॅनर! पाठीवर दुकानाचं नाव. आणि सेक्रेटरी माईकवर सांगतायत, "लोकांनी फेकून दिलेल्या वस्तू आहेत या!"

पहिला नंबर तिचाच. बक्षीस मीच दिलं, फोटोसाठी हसून. सेक्रेटरी कानात म्हणाले, "बघा, फुकटात जाहिरात झाली तुमची."

दुसऱ्या दिवशी ती दुकानात आली, आयुष्यात पहिल्यांदा. मला वाटलं, ब्लाऊज शिवायला टाकतेय. तिने पिशवीतून तोच गाऊन काढला. "ताई, कमरेत जरा घट्ट करून द्या ना, डोंबिवलीच्या शोमध्ये घालायचाय."

"ठेवून जा," म्हटलं. तिची पाठ वळली आणि मी उसवायलाच घेतला. परत बॅनर केला आणि दुकानावर टांगला. फोन नंबर होता, नेमकं तिथेच तिने हात घालायला भोक पाडलंय.

काल सेक्रेटरी रस्त्यातून ओरडले, "ताई, तो फाटका बॅनर काढा हो. कचरा दिसतोय नुसता."